एकजण जास्त

हाप्सालूच्या स्टेशनात गाडी येत नाही.
फलाट मात्र लांबच लांब,
लाकडी छताखाली झाडून ठेवलेला.
त्याच्या समोरच्या गल्लीत, बेकरीच्या वर
हेल्वे बसते, लोकरीच्या दुकानाची माणसं मोजत.

माणसं म्हणजे पावलं. पावलंही नाहीत,
कुणीतरी कुठेतरी काचेवर बोट टेकल्याची खूण.
अकरा वर्षं दर सोमवारी
तीन खिडक्या उघडायच्या,
आकडे इथून उचलून तिथे ठेवायचे,
डाळ निवडावी तसे खडे बाजूला काढायचे,
आलेखाला रंग द्यायचा (टार्मोला हिरवा आवडतो)
आणि साडेअकराच्या आत पाठवायचं:
आले किती, थांबले किती,
टोपलीत लोकर टाकून उंबऱ्यावरूनच परतले किती.
शेवटी एक ओळ तिची स्वतःची.
‘लिस्बनहून कुणीतरी राखाडी शालीच्या पानावर
चाळीस मिनिटं होतं. बहुधा झोप लागली असावी.’
टार्मो तेवढीच ओळ वाचायचा.

मार्चमध्ये, खाडीवरचा बर्फ तडकत असताना
तिने एजंटला काम शिकवलं.
ही किल्ली या दाराची. हा आकडा खोटं बोलतो,
याला दोनदा विचार.
ऑगस्टात गर्दी वाढली तर हुरळू नकोस,
ते पर्यटक, कडी वाजवून जातात.
तो एकदाही ‘पुन्हा सांगा’ म्हणाला नाही.
तिला त्याचंच जरा वाईट वाटलं.

पहिल्या सोमवारी ती पोचली
तेव्हा अहवाल येऊन पडला होता.
पहाटे पाच वाजून चार मिनिटं. नेटका. हिरवासुद्धा.
तिने कॉफी केली. मग दुसरी केली.
साडेअकरापर्यंत काय करायचं ते सुचेना,
म्हणून खण आवरला.
त्यात तीन उन्हाळे जुनं चॉकलेट निघालं. खाल्लं.

सातव्या सोमवारी अहवालात लिहून आलं:
‘एक निष्ठावान पाहुणा आढळला.
दर सोमवारी पहाटे पाचला येतो.
एकूण एक पान उघडतो,
माल परत करण्याच्या नियमांचंसुद्धा.
काही घेत नाही.
सूचना: दहा टक्के सवलत देऊन पाहावी.’

टार्मो हरखला. कोण हा? फ्रँकफर्टचा दिसतो.
नमुने पाठवू या, निळ्याचे आणि शेवाळी रंगाचे.
हेल्वेने नोंदी उलगडल्या.
येतो पाचला. जातो पाच वाजून चारला.
ती इतकी हसली की खालून मारेटने
छताला झाडूचा दांडा ठोकला.

तोच होता.
मोजायला यायचा, आणि आपल्याच पावलांचे ठसे बघून
कुणीतरी येऊन गेलं म्हणून सांगायचा.

नदी उतरून आलेले ते दहा जण आठवतात?
जो तो स्वतःला सोडून मोजतो,
आणि नऊ भरले की
बुडालेल्या दहाव्यासाठी सगळे गळा काढतात.
इथे कुणी बुडालं नव्हतं.
एकजण जास्तच निघाला होता,
आणि त्याच्यासाठी सवलत ठरत होती.

तिने नवा नियम लिहायला घेतला:
‘स्वतःला मोजू नकोस.’
आणि बोट तिथंच थांबलं.

रोज सकाळी दुकान उघडून बघायची, चालू आहे ना.
घरातून. बसमधून.
आईला तपासत होते तेव्हा बाहेरच्या बाकावरून.
ती पावलं कुणी वगळली होती?
किती सोमवार तिने टार्मोला
स्वतःलाच दाखवलं असेल,
हिरव्या रंगात, किंचित वाढ म्हणून?

आणि लिस्बन.
लिस्बनला तिची बहीण असते.
त्या जूनमध्ये बहिणीच्या सोफ्यावर, दुपारी,
हातात फोन तसाच धरून…

खाली पाव भाजल्याचा वास येत होता.
‘स्वतःला मोजू नकोस,’ तिने वाक्य पुरं केलं,
‘आणि मलाही.’
मग थोडं थांबून:
‘शेवटी एक ओळ लिहीत जा. तुला वाटेल ती.’

पुढच्या सोमवारी, पाच वाजून चार मिनिटं.
आकडे. आलेख. हिरवा रंग.
आणि सगळ्यात खाली, टार्मो वाचतो त्या जागी:
‘गेल्या आठवड्यापेक्षा दोन पाहुणे कमी.
कारण ठाऊक आहे. काळजी नसावी.’