बसवनहुळू

रात्री साडेअकराला बॅटरी घेऊन
कुंड्यांपाशी उकिडवा बसलोय.
जांबोटीहून आणलेली आमरी,
मुळांची हिरवी टोकं कुरतडलेली,
कोळशावर चिकट रेघ.

काकडीची चकती ठेवली, दोन आल्या.
बाकीच्या कुंडीच्या भोकात,
नारळाच्या शेंड्यांत,
पोटात पाय घेऊन.

मिठाचा डबा उघडला तेवढ्यात
कंपाउंडवरून नीलव्वा:
"बसवनहुळू री ते, मारू नकासा."
आमच्यात गाय, त्यांच्यात बसवण्णाचा बैल.
आता मीठ टाकायचं कुणावर?

पहाटेपर्यंत वेचत राहिलो.
बरणीत भरून कंग्राळीला नेल्या,
मार्कंडेय नदीच्या काठी सोडल्या.
घरून निघताना मोजल्या होत्या तेवीस.
सोडताना बावीस.

नीलव्वाला अजून सांगितलं नाही:
स्कूटरच्या सीटखाली
ओलं काहीतरी आहे.