एका अक्षराची चूक

आमच्या ओढ्याचं नाव टॅमरॅक.
पेनसिल्व्हेनियाच्या नकाशावरही तेच.
नव्या ठरावात छापलंय टॅमरिक.

डोलोरेस विझोरेक, बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
वाचनालयात चष्मा पुसून पुन्हा वाचते.
मग पिशवीतून काढते बाटलीबंद पाण्याच्या कंपनीचं
मार्चमधलं पत्र, घरोघर आलेलं, गुळगुळीत.
तिथंही टॅमरिक.

म्हणजे पेन त्यांचं.
सह्या तेवढ्या आमच्या पाच माणसांच्या.

मंगळवारी अग्निशमन केंद्रात सभा.
नागरिकांना तीन मिनिटं, अंडी उकडायच्या घड्याळावर.
कंपनीच्या वकिलाला घड्याळ नाही,
कॉफी आहे.

डोलोरेस भाषण करत नाही. विचारते,
"ओढ्याचं नाव काय रे, रसेल?"
रसेल, सभेचा अध्यक्ष,
एकदा तिच्याच बसमध्ये मागच्या सीटवर ओकलेला
(तिनंच पुसलं होतं),
कागदाकडे बघतो, वकिलाकडे बघतो.
"टॅम..." म्हणतो, आणि थांबतो.
मागे कुणीतरी हसतं. मग कुणीच नाही.

ठराव मंजूर झालाच. तीन विरुद्ध दोन.
व्हायचा होता पाच विरुद्ध शून्य.

आता बर्फ पडतंय, आणि डोलोरेस
जुन्या बसच्या वाटेनं पायी निघालीय.
थांबे अजून पाठ आहेत.
सार्वमताला चारशे अकरा सह्या लागतात.
पहिलं दार उघडतं.
ती कागद पुढे करते, ओळीवर बोट ठेवते:
सही नंतर.
आधी ओढ्याचं नाव वाचा. मोठ्यानं.