बरणी

बिस्किटांची बरणी, झाकणावर दोनदा चिकटपट्टी.
सावंतवाडीहून कुडाळपर्यंत एस्टीत
मुलानं ती मांडीवर धरली होती.
शेजारच्या बाईनं विचारलं, "काय, लोणचां?"
तो "होय" म्हणाला.

चिठ्ठीवर: शेवंती कुबल, अठ्ठावन्न, दांडी, मालवण.
डावं मूत्रपिंड. साखर आहे.
दीड वर्षं येता-जाता ताप, उतरलेलं वजन,
कुशीत हाताला लागणारी गाठ.
सीटीच्या कागदावर तो शब्द, पुढे प्रश्नचिन्ह.
प्रश्नचिन्ह घरात कुणी वाचलं नव्हतं.

सर्जन फोनवर म्हणाले,
"आतड्याला चिकटलेलं, प्लीहेला, पाठीच्या स्नायूला.
साडेचार तास लागले. मला तर तेच वाटतंय.
तू बघ."

सुरी आत गेली आणि टक्क वाजली.
दगड.
समुद्र एखादे वेळी पोवळ्याची फांदी टाकून जातो वाळूत,
तसा, फाटे फुटलेला, वाट अडवून बसलेला.
भोवती पोकळ्या, पोकळ्यांत पू,
ओहोटीला खडकांत राहतात तशी डबकी.
पुस्तकं याला अस्वलाचा पंजा म्हणतात.
मी अस्वल पाहिलेलं नाही.
आणि काठाकाठानं पिवळं.
गाबोळीचं पिवळं.
मी सुरी खाली ठेवली,
कारण कॅन्सरही याच रंगाचा असतो.

तिसऱ्या दिवशी, काचेवर, फेसाळ पेशी.
त्यातही तो असाच दिसू शकतो.
दोन वेगळे रंग लावून पाहिले.
नाही, या घरच्याच. राखणदार.
जंतू खायला धावून आलेल्या,
खात राहिल्या, पचेना, फुगल्या,
आणि परत जायची वाट विसरल्या.

"कर्करोग आढळला नाही" असं टंकलं.
मग उठून पहिली काच पुन्हा लावली.
मग सही.

आजाराचं नाव कागदावर दीड ओळ भरलं.
रुपेश म्हणाला, "मराठीत?"
जुना पू, म्हटलं. दगडाआड साचलेला.
काढला, तोच इलाज. थोड्या गोळ्या राहिल्यात.
आता उरलेलं एक सांभाळायचं, आणि साखर.

टाके काढून परतताना ती स्वतः आली.
बरणीकडे बघितलंही नाही.
"म्हणजे मी मरनंय नाय?"
"यानं तरी नाही."

बराच वेळ गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळत,
सोडत.
मग कळलं, मनात वाटप चाललं होतं,
ऑपरेशनआधी केलेलं, आता उलटं:
पाटल्या लेकीकडे, बाजारातली बसायची जागा भावजयीकडे,
आडाळो सुनेकडे.

"पाटल्या ऱ्हवांदेत," ती म्हणाली.
"जागा माका व्हयी. आनि आडाळो.
रुपेश, तुझ्या बायलेक फोन लाव.
सांग, धार काढू नको,
मी येतंय."