अंतिम वापर

काशानच्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या लॅबमध्ये एक फिरतं यंत्र आहे.
भाताच्या पातेल्याएवढं, झाकण पिवळं पडलेलं.
त्यात मी लोकांचं रक्त फिरवते.
जड असतं ते तळाला जातं,
हलकं वर राहतं, गव्हाच्या काडाच्या रंगाचं.
एवढंच त्याचं काम. दहा मिनिटांचं.

नतान्झच्या वाटेवर, जमिनीखाली,
अशी हजारो फिरतात म्हणे.
मी पाहिलेली नाहीत.
नतान्झचे मला ठाऊक आहेत ते पेअर,
चावल्यावर कोपरापर्यंत ओघळणारे,
आणि रस्त्याकडेच्या तोफा, आभाळाकडे तोंड केलेल्या,
त्या आल्या की बसमधली सगळी माणसं
आपापल्या पिशवीत काहीतरी शोधू लागतात.
पण नाव एकच, त्यांचं आणि माझ्या यंत्राचं:
सेंट्रिफ्यूज.
सगळी भानगड तिथेच.

नवरोजच्या आधी त्याचे कार्बन ब्रश झिजले.
बोटाच्या पेराएवढे दोन काळे तुकडे.
ड्युसेलडॉर्फहून फ्राऊ लिंडेकुगेलचं उत्तर आलं, अगदी सभ्य:
वैद्यकीय वस्तूंना निर्बंधांतून सूट आहे,
सोबतचा अर्ज तेवढा भरावा.
रकाना सात, अंतिम वापर.
रकाना आठ, अंतिम वापरकर्ता.

मी लिहिलं, रक्त.
मग खोडलं. एकटा तो शब्द
सरकारी कागदावर बरा दिसेना.
लिहिलं, आफाग खानमच्या नातीचं रक्त,
अंगात लोह किती साठलंय ते बघायला.
अंतिम वापरकर्ता: निलगून, वय नऊ,
पुढचा एक दात पडलेला.

अर्ज मंजूर झाला.
पैसे बँकेने परत पाठवले.
कारण दिलं नव्हतं.
मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तेच संगीत ऐकलं.

टीव्हीवर हल्ली समृद्ध हा शब्द रोज येतो.
इतके टक्के समृद्ध, तितके टक्के समृद्ध,
व्हिएन्नात लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या,
एका वाक्यावरून अडलेली माणसं.
आफाग खानम साखरेचा खडा दातांत धरते,
वरून चहाचा घोट घेते आणि विचारते,
'मग आपण किती टक्के गं?'
कालच्या भावात आज अर्धीच अंडी आली होती.

शेवटी उस्ता गुदर्जला बोलावलं.
शिवणयंत्रं दुरुस्त करतो, चष्म्याला दोरी बांधतो.
त्याने टॉर्चचा मेलेला सेल फोडला,
आतली काळी कांडी काढून
पॉलिश पेपरवर घासत बसला, तासभर,
गुलाबपाण्याच्या भट्टीवरून आला होता,
सगळ्या लॅबभर त्याच्या सदऱ्याचा वास.
'हिचाही अर्ज भरायचा का?' म्हणाला,
आणि स्वतःच हसला.

निलगूनची नळी ठेवली.
तिच्या बरोब्बर समोर तेवढ्याच वजनाची, पाण्याची.
समोर वजन नसलं की हे यंत्र किंचाळतं,
थरथरत, चालत चालत
टेबलाच्या कडेपर्यंत येतं.
एकदा खाली पडता पडता मी छातीने अडवलंय.

बटण दाबलं. जळका वास, एक ठिणगी,
मग हळूहळू सूर लागला.
निलगूनने कानांवर हात ठेवले, डोळे मात्र उघडे.

सहाव्या मिनिटाला खिडकीची काच थरथरली.
आम्ही सगळ्यांनी यंत्राकडे पाहिलं.
ते नीट फिरत होतं.
मग खिडकीकडे पाहिलं.
'ट्रक असेल,' गुदर्ज म्हणाला.
'ट्रकच,' मी म्हणाले.
आफाग खानमने पेला बशीत ठेवला,
आवाज होऊ न देता.

झाकण उघडायला
अजून चार मिनिटं होती.