काठाकडून

चित्रं लोक समोरून बघतात.
मी काठाकडून.
पस्तीस वर्षं रविवार कारंजाजवळ फ्रेमा ठोकतोय,
माझ्यापुरतं चित्र म्हणजे जाडी किती,
खाच किती खोल घ्यायची, काच टेकते का.
देवांचे फोटो पाव इंचात बसतात.
लग्नाचे त्याहून पातळ.

कोठावदे बाईंचं चित्र रिक्षातून उतरवायला
दोघं लागले.
प्लायवर दोन इंच. काही ठिकाणी अडीच.
"बाई, ही चित्राची जाडी आहे की भिंतीची?"
"वयाची," म्हणाल्या,
आणि स्टुलावर बसून पाणी मागितलं.

मी चष्मा कपाळावर सारला, पट्टी लावली,
आणि काठ वाचत गेलो
पूर ओसरल्यावर घाटाच्या पायरीवरचा गाळ वाचावा तसा.

सगळ्यात खाली पिवळी पडलेली कुंडली.
सातव्या घरात मंगळ,
त्याच्याभोवती कुणीतरी पेन्सिलनं काढलेला गोल,
इतका दाबून की कागद फाटलाय.

त्यावर पंचांगाची पानं, खळीनं डकवलेली.
त्यावर पिंपळगावच्या बागांत घडांना गुंडाळतात ती रद्दी,
अजून आंबूस.
मग तांबट आळीतला पत्रा, ठोकून ठोकून खोलगट केलेला.
अमृत सांडलं तो खळगा, म्हणे.
"आणि राहू?"

बाईंनी बोट ठेवलं.
एक्स-रे. त्यांच्या वडिलांच्या छातीचा.
ऐंशीच्या ग्रहणात तोच डोळ्यांपुढे धरलेला.
आमच्या गल्लीतही अकरा पोरांत मिळून एक होता,
त्यातून मी पाहिलेला सूर्य
कुणाच्या तरी बरगड्यांत अडकलेला, लिंबाच्या फोडीएवढा.
राहूला धड नसतं, हे आजवर ऐकून होतो.
इथं त्याला धड मिळालं होतं, आणि त्याला दमा होता.

वरच्या थरात सामान.
चंद्र म्हणजे सागरगोटा.
शनी म्हणजे गोटी, सायकलच्या ट्यूबच्या कड्यात.
गुरू म्हणजे भोवरा, जाळी गुंडाळून तयार;
तो सिंहेत आला की आमच्या गावाला रस्ते मिळतात,
म्हणून त्याला तिनं डांबर फासलं होतं. मी हसलो.
त्या हसल्या नाहीत.

या सगळ्यावरून खडूच्या आठ चौकटी.
"ही कसली घरं?"
"ठिकरीची. खालच्या घरांत कोण बसणार
ते जोशीबुवांनी ठरवलं.
ही मी जिंकलेली."
तेवीस स्थळं परत गेली, हे त्यांनी सांगितलं
बसचा नंबर सांगावा तसं.
आणि या गावाचं नावच, लोक म्हणतात,
एका बाईच्या कापल्या नाकावरून पडलंय,
मग माझं काय एवढं.

मी चित्र उभं केलं तर काहीतरी घरंगळलं,
सरळ माझ्या तळहातात.
कौलाची ठिकरी. कडा झिजून गुळगुळीत.
"हा मंगळ. चिकटवलेला नाही.
चाळीस वर्षं एकाच घरात बसून होता,
कंटाळला असेल."
"पण पडेल हो."
"पडू दे. काच नको. उचलून परत टाकता आला पाहिजे."

बिनकाचेची फ्रेम मी करत नाही.
धूळ बसते, पाल शिरते, गिऱ्हाईक महिन्यानं भांडायला येतं.
हे सगळं सांगितलं. मग सागवानाची खोल पट्टी घेतली,
खाली एक बारीक कठडा ठेवला,
पडलीच तर तिथं थांबावी म्हणून.
मजुरी थोडी कमी लावली. का, ते विचारू नका.

चित्र गेलं त्या संध्याकाळी
भुसा झाडायचा राहिला होता.
शटर अर्धं ओढलं. पोऱ्या चहाला गेलेला.
फरशीवर पट्ट्यांच्या मापाच्या खुणा होत्याच,
चौकटी झाल्या आपोआप.

पट्टीचा एक तुकडा टाकला, तिसऱ्या घरात गेला.
उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणून डाव्यावर.
पहिलं. दुसरं ओलांडलं.
चौथ्यात रेघेवर पाय पडला.
बघायला कोणी नव्हतं.
पण आउट तो आउट.