पुठ्ठ्याची दुसरी बाजू

सकाळी सातला डेस्कवरून फोन:
तासगावात रांग लागलीय का?
म्हटलं, नाही. सहा गाड्या आहेत, रोजच्याच.
लागेल, तो म्हणाला, तू जाऊन उभा रहा.

माझी टाकी कोरडी. शेजारच्या इलाही नदाफच्या गाडीतून
नळी लावून, तोंडानं ओढून, अर्धा लिटर उसनं काढलं.
दिवसभर जिभेवर तीच चव राहिली.
पोचल्यावर भरून घेऊ म्हटलं,
पण आधी लाइव्ह.

माइकवरचा निळा ठोकळा बघून
एक थांबला, मग त्याचा मेहुणा.
दहाला पट्टी आली: तासगावात खडखडाट.
अकराला रांग गणपतीच्या गोपुरापर्यंत.
बाराला पेट्रोल खरोखरच संपलं.

पंपावरच्या मालन ऐवळेनं बेदाण्याचं खोकं फाडलं,
पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं, पेट्रोल नाही.
डेस्क म्हणालं, दिसत नाही, मोठं करायला सांग.
मी सांगितलं.
ती "नाही" गिरवत बसली आणि मान न उचलता म्हणाली,
"मोठं लिवलं म्हंजी जास्त संपतंय व्हय?"

साडेबाराला एक पक्ष आला, बैलगाडी मोर्चा.
गाडी आणि बैल दोन्ही
मणेराजुरीहून डिझेलच्या टेंपोत घालून आणलेले.
बैल उतरायला तयार नव्हते.
तीनला दुसरा पक्ष. घोषणा त्याच, नाव तेवढं बदललेलं,
आणि आधीच्यांच्या शेणात पाय पडू नये
म्हणून सगळे जरा तिरके उभे.

दिल्ली म्हणते, समुद्रात जहाजं अडलीत.
मुंबई म्हणते, दिल्ली.
पालकमंत्री म्हणतात साठेबाज,
पंपाचे मालक म्हणतात डेपो,
डेपोतला माणूस म्हणतो, वरून.
वर म्हणजे कोण, विचारलं
तर होल्डवर सनई लागते.

रात्री नऊला सहा चौकोनांत सहा तोंडं,
आणि खाली कोपऱ्यात
माझी रांग, आवाज काढून टाकलेली.
तिच्यात यास्मिन पटवेगार होती.
सासऱ्यांचं डायलिसिस मिरजेला, मंगळवार-शुक्रवार;
जाऊन-येऊन किती लिटर लागतं, रिक्षावाला किती मागतो,
दोन मिनिटं तिनं नीट हिशोब सांगितला.
कुणाचं नाव घेतलं नाही.
डेस्क म्हणालं, बाई चिडत नाहीत, चालणार नाही.

चाललं ते हेल्मेट आपटणारं पोरगं.
झोपेपर्यंत चाळीसदा तरी आपटलं त्यानं.
खरं तर ते दुसऱ्यांदाच होतं.
पहिल्यांदा आपटलं तेव्हा माझा कॅमेरा बंद होता,
मीच म्हटलं, मित्रा, परत एकदा.

टँकर आला पहाटे पावणेतीनला.
कुणी हार घातला नाही, कुणी अडवला नाही,
दोन कुत्री भुंकली आणि तीही लगेच गप्प.
मालन स्टूलवरून उठली,
टाकीत गज सोडून माप बघितलं,
पुठ्ठा काढला, उलटा करून परत अडकवला.
मागं छापील अक्षरं:
हिरवा बेदाणा. निवडक. १५ किलो.
म्हटलं, पेट्रोल आहे असं लिही की.
"पेन संपलं."

सात सेकंद घेतले, डेस्कला पाठवले.
उत्तर आलं: आलं ना? मग यात बातमी काय?

माझी गाडी भरली.
मग इलाहीच्या अर्ध्या लिटरसाठी
पाण्याची रिकामी बाटली पुढं केली.
तिनं नोझल जागेवर ठेवलं.
"बाटलीत द्यायचं न्हाई, दादा.
तुमच्याच टीव्हीवर सांगितलंय."