भिंतीपलीकडचा सिनेमा

तासगावच्या मनोहर टॉकीजला
सव्वीस वर्षं माझं कँटीन होतं.
पिच्चर मात्र मी एकही बघितला नाही.

ऐकले सगळे.
कढई आणि पडदा यांच्यामध्ये एकच भिंत,
तीही एकेरी विटेची.
हिरॉइनचा बाप दार आपटून गेला की
भज्याचं पीठ फेटायला घ्यायचं,
घोड्यांच्या टापा आल्या की तेल तापत ठेवायचं,
आणि बंदुकीचा पहिला बार झाला की समजायचं,
इंटरव्हलला चार मिनिटं.
वर इलाहीभाई मुजावर रीळ बदलताना खोकायचा.
कितीतरी दिवस तो खोकलाही मला
पिच्चरमधलाच वाटायचा.

इंटरव्हलनंतर भांडी.
शेवट सगळे नळाखाली वाहून गेले.
कोण मेलं, कुणाचं लग्न लागलं,
ते खेळ सुटल्यावर चपलांवरनं ओळखायचं.
रडलेली माणसं हळू चालतात.

आता टॉकीजच्या जागी बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे
आणि हर्षला नॉर्वेत, बर्गनला.
तिकडं थंडीत दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात म्हणते.

दर रविवारी, आमच्या रात्री आठला,
ती लॅपटॉपवर, मी तिनंच घेऊन दिलेल्या टीव्हीवर
एकच जुना पिच्चर लावतो.
"तीन, दोन, एक, दाब आई."
माझं बोट कायम उशिरा पडतं.
मग फोनमधनं तिचा हिरो आधी बोलतो
आणि माझा,
त्याचं ऐकून घेतल्यासारखा, तेच म्हणतो.

पहिल्याच रविवारी मी नाराज झाले.
ज्याच्या आवाजावर भज्याचे इतके घाणे काढले
तो एवढा बुटका?
आणि त्या खाष्ट सासूचं तोंड इतकं गोड?
"बंद करू?" हर्षलानं विचारलं.
"राहू दे. होईल सवय."

तिच्या शेगडीवर तेव्हा अख्खा मसूर चाललेला असतो.
"आई, कांदा लाल झाला, बघ."
"बघत नाही मी, ऐकतेय.
पाणी आहे अजून त्यात.
आणि तो वरचा पंखा बंद कर आधी,
लसणाचं काय चाललंय कळेना."
"पंखा बंद केला की छतावरची घंटी वाजते,
अख्खी बिल्डिंग बाहेर येते."
"येऊ दे की.
आपल्याकडं तिसऱ्या घंटेशिवाय
पिच्चर कधी सुरू झालाय?"

तिचा कुकर मुका आहे.
शिट्टीच नाही, नुसती एक खुंटी वर येते.
आमच्या तीन शिट्ट्या म्हणजे तिकडं किती,
हा हिशेब बरेच दिवस जमला नाही.
कधी मसूर खड्यासारखा, कधी त्याचं पिठलं.
आता मीही इथं कुकर लावते.
माझ्या तीन झाल्या की
तिनं तिचा उतरवायचा.

मधे इंटरव्हल मी घेतेच.
ती नको म्हणते, मी तरी थांबवते.
तिच्याकडं माझ्या भडंगाचा डबा आहे,
वास उडू नये म्हणून तीन पिशव्यांत बांधलेला.
तिच्या दाताखाली शेंगदाणा आला
की मला इथं कळतं.

गेल्या रविवारी पिच्चर हसायचा होता.
दोघीही हसलो.
संपल्यावर ती फोन ठेवायला विसरली.
तिकडं नळ सुरू झाला,
ताट, वाटी, परत ताट.
मग लाकडी जमिनीवर तिच्या सपाता वाजल्या,
ओट्यापासून खिडकीपर्यंत.
आणि तिथनं परत.

मी टीव्हीचा आवाज बंद केला.
पडद्यावर नावं वर सरकत होती, ती सरकू दिली.
परत एकदा, खिडकीपर्यंत.

"हर्षे," म्हटलं,
"रविवारची कशाला वाट बघायची?
उद्यासाठी काय भिजत घालूया?"

सपाता थांबल्या.
नाक ओढल्याचा आवाज आला,
मग कपाटाचं दार, मग बरणीचं झाकण.

"मटकी," म्हणाली.